राउटर घेताय? आधी त्याचं आयुष्य विचारा

आयटीत नोकरी करणाऱ्याला नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात. "कोणता लॅपटॉप घेऊ?" आणि "ऑफिससाठी चांगला राउटर सांग ना." दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर ऐकून समोरचा जरा हिरमुसतोच. त्याला चार अँटेना आणि खोक्यावर मोठ्ठा आकडा हवा असतो.

तर आधी त्या आकड्याचंच बघू. 'एसी १२००' म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ एमबीपीएस, यांची गोळाबेरीज. असा राउटर वापरताना तुमचा लॅपटॉप एका वेळी एकाच बँडवर असतो, त्यामुळे ही बेरीज कुणाच्याच पदरात पडत नाही. त्यातून स्वस्त मॉडेल्सचे पोर्ट बरेचदा १०० एमबीपीएसचेच असतात. मग तुम्ही २०० चं कनेक्शन घ्या नाहीतर ५०० चं, आत येणार १००च!

माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच हवा: या मॉडेलला सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार?

उगाच घाबरवत नाहीये. मे २०१८ मध्ये 'व्हीपीएनफिल्टर' नावाचं मालवेअर उघडकीला आलं. सिस्कोच्या टालोस टीमच्या अंदाजानुसार ५४ देशांत किमान ५ लाख उपकरणं त्याच्या तावडीत होती, आणि त्यातले बहुतेक घरातले किंवा छोट्या ऑफिसातले राउटर. त्याच वर्षी मायक्रोटिकच्या राउटरमध्ये एक भोक सापडलं. कंपनीने एप्रिलमध्येच ते बुजवलं होतं. तरीही ऑगस्टमध्ये लाखाहून जास्त राउटर चोरून क्रिप्टो मायनिंगला जुंपलेले सापडले. कारण साधं होतं. अपडेट आलेला होता, टाकला कुणीच नव्हता.

म्हणून दुसरा प्रश्न: अपडेट टाकणार कोण? ऑफिसात प्रिंटरचा टोनर कोण बदलतो हे सगळ्यांना माहीत असतं. राउटरला मात्र वाली नसतो. तो कपाटावर धूळ खात लुकलुकत असतो.

आता दहा माणसांचं सीएचं ऑफिस धरा. गिगाबिट पोर्ट हवेत. दोन कनेक्शन लावायची सोय हवी, कारण रस्ता खोदला की फायबर तुटणार हे ठरलेलंच. (दोन्ही केबल एकाच खांबावरून येत नाहीत ना, तेही बघा!) पाहुण्यांचं वायफाय आणि सीसीटीव्ही ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवता यायला हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, व्हीपीएन हवं. घरून टॅली बघता यावं म्हणून रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा ठेवायची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. रॅन्समवेअरवाल्यांसाठी हा सगळ्यात लाडका दरवाजा. रिटर्न भरायच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या फायली लॉक झाल्या तर काय होईल, विचार करा.

"अरे, पण दीड हजाराचा चालतोय की!" हा युक्तिवाद मला मान्य आहे, घरासाठी. ऑफिसात मात्र पॅन नंबर, बँक स्टेटमेंट, पगाराचे आकडे हे सगळं दुसऱ्याचं असतं. ते आपण सांभाळतोय. दोनचार हजार वाचवताना धोका पत्करतो तो आपण, पण निस्तरतो अशील, ज्याला आपण विचारलेलंही नसतं. हे मला पटत नाही.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कंपनीला सुरक्षा अपडेट कधीपर्यंत देणार हे सांगावंच लागतं, आणि सगळ्या डब्यांना एकच सोपा पासवर्ड देऊन विकता येत नाही. आपल्याकडे दुकानात हे विचारून बघा, दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. तेव्हा हा गृहपाठ आपणच करायचा. कंपनीच्या साइटवर जाऊन त्या मॉडेलचा शेवटचा फर्मवेअर कधीचा आहे ते बघायचं. दोन वर्षांपूर्वीचा असेल तर कितीही डिस्काउंट असो, खाली ठेवायचा.

असो. सोमवारी ऑफिसात गेलात की एवढंच करा: राउटर उलटा करून मॉडेल नंबर लिहून घ्या, आणि त्याच्यापुढे कुणा एकाचं नाव लिहा. नवीन घ्यायचा की नाही, ते त्यानंतर बघू.