घरच्या घरी : नवे कापड जुने करताना

शाळांची स्नेहसंमेलने जवळ आली म्हणजे घरोघरी वेषांची चर्चा सुरू होते. कृष्ण, शिवाजीमहाराज, कोळीण, भाजीवाली ही मंडळी तर आहेतच; पण अलीकडे मुले हट्टाने मागतात तो वेष झोंबीचा. ज्या वडीलधाऱ्यांना हा प्राणी अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. कॅरिबियन समुद्रातील हैती देशाच्या लोकसमजुतीत मांत्रिकाने उठवून आपल्या कामाला जुंपलेला मृत माणूस म्हणजे झोंबी. उसाच्या मळ्यांतील गुलामगिरीची आठवण या कल्पनेमागे आहे. आज मुलांना ठाऊक असलेले, माणसांवर तुटून पडणारे त्याचे रूप मात्र 1968 मधील जॉर्ज रोमेरो यांच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या अमेरिकन चित्रपटाने रूढ केले. 2022 साली ‘झोंबिवली’ या मराठी चित्रपटाने तर त्याला थेट डोंबिवलीत आणून सोडले.

या वेषाची मौज अशी की, झोंबीला स्वतःचा असा पोशाखच नाही. तो कालपर्यंत कारकून होता, टपालवाला होता, लग्नघरचा पाहुणा होता. अंगावर कपडे त्याचेच आहेत, फक्त त्यांचे काही बरेवाईट झाले आहे. म्हणून कात्री हाती घेण्यापूर्वी मुलाला एक प्रश्न विचारावा : ‘हा माणूस कोण होता आणि पडला कोठे?’ तो चिखलात पडला असेल तर डाग पाठीवर अथवा गुडघ्यांवर हवेत. कुंपणातून निसटला असेल तर बाही फाटलेली हवी. एवढे ठरले की पुढचे काम निम्मे होते. हे न ठरवता सदऱ्यावर जागोजाग त्रिकोणी भोके पाडली, तर तो दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा दिसतो, जीर्ण दिसत नाही.

कापड कोठे झिजते हे पाहावयाचे असेल तर घरातील सर्वांत जुना सदरा उजेडात धरावा. कॉलरची घडी, बाह्यांची टोके, कोपर, खिशाचे तोंड, विजारीचे गुडघे आणि खालची दुमड, येथेच ते विरळ झालेले आढळेल. शिवणीजवळ उंचवटा असतो, तो प्रथम पांढुरका होतो. खांद्यांवर उन्हाने रंग उडतो. काखेत मात्र तो टिकून राहतो. आपल्याला याच जागी हात चालवावयाचा आहे, अन्यत्र नाही.

कापड शक्यतो सुती घ्यावे. पॉलिएस्टर चहाचा रंग नीट धरीत नाही आणि त्याचे धागेही हवे तसे सुटत नाहीत. शंका असल्यास मोठ्या माणसाने एक सुटा धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा : सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टरचा वितळून टणक मणी बनतो. आणखी एक सूचना, जी मला कापडाच्या जातीहून महत्त्वाची वाटते : कपाटातील जुना दिसणारा प्रत्येक कपडा टाकाऊ नसतो. आजोबांचा सदरा आजीला विचारल्यावाचून घेऊ नये. जो अजून कोणाच्या अंगावर वर्षभर टिकेल तोही फाडू नये. ज्याची कॉलर आधीच विरली आहे असाच निवडावा.

प्रथम कपडा धुऊन खळ काढून टाकावी. मग विटेवर किंवा लाकडी पाटावर ताणून जाड पॉलिश कागदाने वर सांगितलेल्या जागा घासाव्यात. जुनी किसणीही चालते. मात्र ती मोठ्यांनीच चालवावी, कारण बोटे कापडापेक्षा लवकर सोलतात. फाडताना कात्रीने कडेला केवळ बोटभर छेद द्यावा आणि पुढे हातांनी फाडावे. सुती कापड आपल्या धाग्याच्या रेषेतच फाटते. नंतर एकदा धुतले की दशा सुटून कडा खऱ्या दिसतात.

रंगाच्या बाबतीत आपल्या स्वयंपाकघराला तोड नाही. कडक उकळलेल्या चहात कपडा बुचकळून, पिळून, तसाच चुरगळलेला वाळवावा. घड्यांत रंग गडद उतरतो. ओल्या कापडात गंजके खिळे गुंडाळून रात्रभर ठेवले की तांबूस डाग पडतात, आणि चहात भिजलेल्या भागावर तेच डाग काळपट होतात. पूर्वी हिरडा व हिराकस यांची शाई होत असे, तीही याच क्रियेने. केळीच्या चिकाचा डाग जात नाही ही आपली नेहमीची तक्रार. येथे तो डाग कामास येईल. चिखलासाठी गेरू आणि मुलतानी माती पुरे.

ब्लीच वापरावयाचेच असेल तर पाणी घालून पातळ करून, मोकळ्या हवेत, हातमोजे घालून मोठ्यांनी वापरावे. रेशीम व लोकर त्यात नष्ट होतात. त्यात व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुण्याचे आम्ल कधीही मिसळू नये; त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. ‘वास घालवण्यासाठी थोडे व्हिनेगर’ असा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये.

रक्त बहुतेक मुले लालभडक करतात. वाळलेले रक्त तपकिरी असते, म्हणून लाल खाद्यरंगात कोको किंवा कॉफी मिसळावी. रोमेरोंचा चित्रपट कृष्णधवल असल्याने त्यात रक्ताच्या जागी चॉकलेटचे सरबतच वापरले होते. डाग थोडेच बरे. लहान भावंडे भितात.

विस्तवाची काळजी विशेष घ्यावी. दशा निघालेले, घासून लव आलेले सुती कापड झटकन पेटते, आणि पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते. रंगमंचावर समई असेल तर या पात्राची जागा तिच्यापासून दूर ठेवण्याविषयी शिक्षकांना आधीच सांगावे. लोंबणाऱ्या चिंध्या घोट्याच्या वरच राहतील इतक्या कापाव्यात, म्हणजे जिन्यावर पाय अडकणार नाही. आत पूर्ण बाह्यांची बनियन घालावी. डिसेंबरच्या संध्याकाळी मूल कुडकुडणार नाही. कार्यक्रमानंतर हा कपडा वेगळा धुवावा, कारण गेरू व गंज इतर कपड्यांना लागतात.