हसायला चार माणसे लागतात

‘प्रेक्षक बिघडला, घरी बसून मोबाइलवर फुकट हसतो,’ अशी ओरड मराठी चित्रपटाच्या निर्मात्यांकडून हल्ली वारंवार ऐकू येते. वाचकहो, आम्हांला हे मुळीच मान्य नाही. प्रेक्षक गेला नाही, त्याला घालवला!

१९७१ साली दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ डोक्यावर घेतला तो स्वस्त तिकिटाच्या प्रेक्षकाने. पहिली शिट्टी पुढच्या बाकांवरून यायची; तिने धीर आला, की मागची अब्रूदार मंडळीही रुमाल तोंडाशी धरून हसायची. मल्टिप्लेक्स आले आणि ती बाकेच गेली. आता चौघांचे कुटुंब निघाले, तर तिकिटांतच महिन्याच्या किराण्याला कात्री. वर घरचा चिवडा दारात काढून ठेवायचा आणि आत मक्याच्या लाह्या सोन्याच्या भावाने घ्यायच्या!

बरे, मोबाइलवर तरी हसतो का? ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) पाहा. लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन लुगडी नेसून वावरतात, आणि बिंग फुटते की काय ह्या धास्तीने सारे थिएटर श्वास धरून बसते. हसू फुटते ते त्या धास्तीतून. मोबाइलवर त्याचाच मिनिटाचा तुकडा येतो. ओठ जरा हलतात, अंगठा पुढे सरकतो. ह्याला हसणे म्हणायचे असेल, तर खुशाल म्हणा!

निर्मात्यांनी आणि थिएटरवाल्यांनी आधी पुढच्या दोन रांगा स्वस्त कराव्यात, मराठी चित्रपटाला भर दुपारचा नव्हे, संध्याकाळचा खेळ द्यावा, आणि मग प्रेक्षकाच्या नावाने बोटे मोडावीत.