फोटो हलला, पण हलले कोण?

विद्यार्थिमित्रहो, वर्गातला एखादा मित्र स्वतः काढलेला फोटो तुमच्यापुढे धरतो आणि विचारतो, "कसा आलाय?" अशा वेळी तुम्ही काय उत्तर देता, ते जरा आठवून पाहा. बहुतेक वेळा आपण "छान!" म्हणतो आणि मोकळे होतो. मित्र फारच जवळचा असला, तर "काही खास नाही रे" असेही म्हणतो. पहिल्या उत्तराने तो खूश होतो, दुसऱ्याने हिरमुसतो. परंतु पुढचा फोटो अधिक चांगला कसा काढावा, हे त्याला या दोहोंपैकी एकाही उत्तरातून कळत नाही.

माझे मत असे आहे, की दुसऱ्याच्या छायाचित्रावर अभिप्राय देणे हे निरीक्षणाचे काम आहे. प्रयोगशाळेत आपण जी शिस्त पाळतो, म्हणजे आधी निरीक्षण, मग कारणाचा शोध आणि मग पडताळा, तीच येथेही पाळली पाहिजे. ती न पाळल्यास काय होते, हे मी माझ्याच एका चुकीवरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका शालेय विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. आठवीतल्या एका मुलीने वडिलांच्या मोबाइलने काढलेला एक फोटो तेथे लावला होता. रस्त्यावरचा दिवा आणि त्याभोवती फिरणारे पतंग, असा विषय होता. पतंग मात्र पतंगांसारखे दिसतच नव्हते. काळ्या आकाशावर कोणी पांढरे नागमोडी दोरे ओढावेत, तसे ते दिसत होते. मी पाव मिनिट पाहिले, "फोटो हललाय, बाळ" एवढे म्हटले आणि पुढच्या टेबलाकडे वळलो. दुपारी पुन्हा तेथून गेलो, तेव्हा फोटो काढून घेतलेला होता. फळ्यावर नुसत्या चार टाचण्या राहिल्या होत्या.

घरी जाताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या फोटोतला दिव्याचा खांब अगदी रेखीव आला होता! कॅमेरा हलला असता, तर खांबही हललेला दिसला असता. म्हणजे कॅमेरा स्थिर होता आणि हलत होते ते पतंग. मग दोऱ्यांना नागमोडी वळणे का होती? पतंग पुढे जाता जाता पंख वर उचलतो आणि खाली मारतो. शटर उघडे असेपर्यंतची ही सारी हालचाल फोटोत एकापुढे एक उमटते. एक वळण म्हणजे पंखांची एक फडफड. समजा, शटर १/१० सेकंद उघडे होते आणि दोन्ही टोके चित्रात असलेल्या एका दोऱ्यावर ५ वळणे मोजता आली, तर तो पतंग सेकंदाला ५० वेळा पंख फडफडवीत होता, असा हिशेब निघतो. शटर किती वेळ उघडे होते, हे तर मोबाइलमधील फोटोच्या तपशिलात नोंदलेलेच असते. कीटकाच्या पंखांची गती मोजण्याचे साधन त्या मुलीच्या हाती आले होते, आणि परीक्षकाने ते 'हललेले' म्हणून बाद केले. प्रदर्शन एकाच दिवसाचे होते. मुलीचे नावही मी टिपून घेतलेले नव्हते.

अशीच चूक आकाशाच्या बाबतीतही होता होता राहिली आहे. १९७८ सालच्या जून महिन्यात अमेरिकेच्या नौदल वेधशाळेतील जेम्स क्रिस्टी हे प्लूटोची छायाचित्रे तपासत होते. फ्लॅगस्टाफ येथील १.५५ मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून ती घेतलेली होती आणि प्लूटोची प्रतिमा लांबट आल्यामुळे ती सदोष ठरविण्यात आली होती. दुर्बीण किंचित हलली, तर अशा प्रतिमा येतात, हे सर्वांनाच ठाऊक होते. पण क्रिस्टी यांनी शेजारच्या ताऱ्यांकडे पाहिले. तारे गोल होते! दुर्बीण हलली असती, तर तारेही लांबट व्हायला हवे होते. शिवाय प्लूटोचा हा फुगवटा काही छायाचित्रांत उत्तरेकडे, तर काहींत दक्षिणेकडे होता. जुनी छायाचित्रे काढून पाहिली, तेव्हा तेथेही तो सापडला. हा फुगवटा प्लूटोभोवती सुमारे ६.३९ दिवसांत एक फेरी पुरी करीत होता. तो होता प्लूटोचा उपग्रह, शॅरन. सदोष म्हटलेल्या छायाचित्रांतच तो दडून बसला होता. २०१५ साली 'न्यू होरायझन्स' या यानाने त्याची जवळून छायाचित्रे घेतली.

पाहा, क्रिस्टी यांनी ताऱ्यांकडे पाहिले, मी खांबाकडे पाहिले नाही. एवढाच काय तो फरक!

आता तुम्ही म्हणाल, प्रत्येक हललेल्या फोटोत काही उपग्रह दडलेला नसतो. खरे आहे. पुष्कळदा फोटो हात हलल्यामुळेच बिघडलेला असतो. परंतु तेही पाहूनच ठरवावे लागते, आणि म्हणूनच माझा आग्रह आहे, की अभिप्राय देताना चार पायऱ्या सोडू नयेत.

पहिली पायरी, विचारणे. "यात तुला काय दाखवायचे होते?" हा प्रश्न आधी विचारा. धबधब्याचे पाणी रेशमासारखे दिसावे, असे ज्याला वाटत होते, त्याला "पाणी स्पष्ट नाही" असे सांगण्यात काय अर्थ आहे?

दुसरी पायरी, जे दिसते तेवढेच सांगणे. "फोटो वाईट आहे" हा निवाडा झाला. "धावणारा मुलगा पुसट आहे, मागची भिंत स्पष्ट आहे" हे निरीक्षण झाले. निवाड्यावर भांडण होते, निरीक्षण दोघांना मिळून तपासता येते.

तिसरी पायरी, कारण शोधणे. खो-खोतला खेळाडू सेकंदाला ५ मीटर वेगाने धावत असेल आणि शटर १/३० सेकंद उघडे असेल, तर तेवढ्या वेळात तो सुमारे १७ सेंटिमीटर पुढे सरकतो. मग तो पुसट येणारच! तेच शटर १/५०० सेकंद उघडे असेल, तर तो सरकेल १ सेंटिमीटर. दोष मित्राच्या 'हाताला कला नसण्यात' नाही, तो या गुणाकारात आहे. चंद्राचेही तसेच. चंद्राच्या फोटोत नुसता पांढरा ठिपका येतो, कारण पौर्णिमेचा चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला खडक. कॅमेरा मात्र भोवतालचे काळे आकाश पाहून गरजेपेक्षा जास्त प्रकाश आत घेतो.

चौथी पायरी, एकच उपाय सुचविणे, आणि तोही करून पाहता येण्याजोगा. "खेळाडू खांबाला वळसा घालताना त्याचा वेग कमी होतो, तो क्षण पकडून पाहा" किंवा "पडद्यावर चंद्राला बोट लावून उजेड कमी करून पाहा." एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगाचा नियम येथेही लागू आहे. सात चुका एकदम सांगितल्या, तर ऐकणारा त्यांतली एकही सुधारत नाही. तो कॅमेराच ठेवून देतो.

काही गोष्टी मात्र मोजता येत नाहीत. रंग भडक वाटणे, चेहरा मध्यभागी नको असे वाटणे, हा आवडीनिवडीचा भाग झाला. तो जरूर सांगावा. पण "मला असे वाटते" अशी सुरुवात करून. आपली आवड हा निसर्गनियम असल्याच्या थाटात बोलू नये.

शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. मुलांना प्रोत्साहन हवे, म्हणून सरसकट "छान" म्हणावे, असे पुष्कळांना वाटते. मला ते पटत नाही. सर्वांना सारखेच मिळालेले "छान" मुले लवकर ओळखतात. कौतुकही नेमके हवे. "खांब किती स्थिर आलाय! मोबाइल कशाला टेकवला होतास?" एवढे मी त्या मुलीला विचारले असते, तर तिचे कौतुकही झाले असते, आणि पुढचे सगळे बहुधा तिनेच मला सांगितले असते.

तेव्हा मित्रहो, यापुढे कोणी फोटो दाखविला आणि "छान" हा शब्द तुमच्या ओठांवर आला, तर तो क्षणभर आवरा. फोटोतला खांब शोधा, तारे शोधा. काय हलले आणि काय स्थिर राहिले, ते पाहा. मग बोला. त्याला अर्धे मिनिट जास्त लागेल. पण त्या अर्ध्या मिनिटात तुम्ही दोघेही काहीतरी शिकलेले असाल.