उन्हाळी वाचन आणि घरचा कादंबरीकार

परभणीचा उन्हाळा कडक. दुपारीं बाहेर पडवत नाहीं, म्हणून कादंबऱ्यांस मागणी वाढते. वाचनालयांत वाचकांचीं मतें ऐकावीं, तर तरुण मंडळी ‘ययाति’ची (१९५९) थोरवी गातात, वडीलधाऱ्यांचा ओढा अद्याप हरिभाऊंकडे. दोहोंचेंही आम्हांस कौतुक आहे. परंतु या चर्चेंत बी. रघुनाथ (१९१३–१९५३) यांचें नांव क्वचितच निघतें, याचा खेद वाटतो. बांधकाम खात्याची नोकरी सांभाळून त्यांनीं परभणीस लेखन केलें. निजामी अमलांतील मराठवाडा त्यांच्या कादंबऱ्यांत उतरला आहे. ते दिवस पाहिलेलीं माणसें आतां घरोघरीं विरळ झालीं. यंदाच्या सुटींत ‘आडगांवचे चौधरी’ मुलांस मोठ्यानें वाचून दाखवावी. मत प्रतिकूल पडलें तरी चालेल. न वाचतां विसरणें मात्र बरें नव्हे.