तळातल्या मुलीची आई

सभागृहाच्या दारातच आमच्या सौ.ने दोन्ही कानांवर हात ठेवले. आत हजारभर माणसे, छातीत धडधडणारे संगीत, आणि जिकडे पाहावे तिकडे डोक्यावर वीतभर रुंदीची रिबिनीची फुले बांधलेल्या, गालांना चमकी लावलेल्या लहान लहान मुली. ‘अगं, ही स्पर्धा आहे की लग्नाची वरात?’ सौ.ने लेकीला विचारले. लेक नुसतीच हसली. तिचा चेहरा दहावीच्या परीक्षा केंद्राबाहेर ताटकळणाऱ्या पालकासारखा झाला होता.

२०२५च्या फेब्रुवारीत आम्ही दोघे डॅलसजवळ फ्रिस्कोला लेकीकडे होतो. नात अकरा वर्षांची. ती ‘चीअर’ करते हे फोनवर ऐकून होतो आणि, खरे सांगायचे तर, चारचौघांत बोलत नव्हतो. सोसायटीत कुणी विचारलेच तर ‘जिम्नॅस्टिक्स करते’ म्हणून वेळ मारून नेत होतो. आपल्याकडे हा शब्द घरोघरी पोचला तो २००८ साली, आयपीएलबरोबर. चौकार गेला की सीमारेषेबाहेर नाचणाऱ्या गोऱ्या मुली, आणि त्या दिसताच मुलांदेखत वर्तमानपत्रात डोके खुपसणारे बापलोक. मीही त्यांतलाच.

मूळ गोष्ट निराळीच आहे. १८९८च्या नोव्हेंबरात मिनेसोटा विद्यापीठाचा फुटबॉल संघ हरत चालला होता, तेव्हा जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी प्रेक्षकांपुढे उभा राहून त्यांच्याकडून एका सुरात घोषणा म्हणवून घेऊ लागला. पहिला चीअरलीडर तो, असे मानतात. पुढे बरीच वर्षे हे काम पुरुषांचेच होते. आयसेनहॉवर लष्करी अकादमीत गुडघा दुखावून फुटबॉल सुटल्यावर हेच करीत असत. धाकटे जॉर्ज बुशसुद्धा शाळेत चीअरलीडर होते. मुली त्यात आल्या १९२३ पासून. टेक्ससच्याच लॉरेन्स हर्किमर यांनी १९४८ मध्ये शिबिरे सुरू केली, आणि होता होता दुसऱ्यांना उत्तेजन देणाऱ्या या पथकांच्या स्वतःच्याच स्पर्धा होऊ लागल्या. तिथे उत्तेजन द्यायला दुसरा संघ नसतोच. मुली खेळतात आणि ओरडतात त्यांचे आईबाप. हा खेळ म्हणावा की नाही यावर तिकडे कोर्टकचेऱ्याही झाल्या. शेवटी २०२१ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्याच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली.

असो. ५४ फूट बाय ४२ फुटांची, खाली स्प्रिंगा बसवलेली जमीन आणि अडीच मिनिटे. तेवढ्यात कोलांट्या, उड्या, नाच आणि थर. होय, थरच, मला दुसरा शब्द सुचत नाही. दोघी समोरासमोर उभ्या राहून तिसरीचे पाऊल तळहातांवर घेतात, चौथी मागून तिचे घोटे सावरते, आणि वरची एका पायावर उभी राहून प्रेक्षकांकडे पाहून हसते. वरच्या मुलीला ते ‘फ्लायर’ म्हणतात, खालच्या दोघींना ‘बेस’. आमची नात बेस.

हे आदल्या रात्री जेवताना कळले तेव्हा माझ्या तोंडून निघून गेले, ‘मग तुला वर कधी चढवणार?’ नवा साहेब जुन्या हेड कॅशियरला ‘तुम्ही ऑफिसर कधी होणार?’ असे विचारतो, तेव्हा तो जसा पाहतो, तशी नातीने माझ्याकडे पाहिले. ‘आजोबा, मी खाली नसली तर ती पडेल ना,’ ती म्हणाली. दहीहंडीतही तळाच्या थरातल्या माणसाला हंडी दिसत नाही. त्याला दिसते ती पुढच्याची पाठ. त्याचा फोटो दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येत नाही. पण घरच्या जेवणाच्या टेबलावर बसलेल्या पोरीच्या संदर्भात हे मला सुचले नव्हते.

तिथली एक पद्धत मला फार आवडली. मंचासमोर अगदी पुढची काही जागा मोकळी ठेवलेली. ज्या संघाची पाळी, त्याच्या मुलींच्या पालकांनी तेवढ्यापुरते तिथे यायचे, अडीच मिनिटे झाली की उठून पुढच्यांना जागा द्यायची. आमच्या काऊंटरवर पितळी टोकनाचा नंबर पुकारल्यावर माणसे पुढे येत, त्यापेक्षा कितीतरी शिस्तीत. आमचा नंबर लागला. मी मोबाइल सरसावला. लेकीने पर्सचा बंद मनगटाला गुंडाळून घट्ट धरला.

पहिला थर नीट लागला. दुसऱ्या वेळी वरच्या मुलीचा पाय सरकला आणि ती बाजूला कलली. माझ्या डावीकडच्या एका गृहस्थांनी मांडीवर मूठ आपटली. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ती मुलगी खालच्या तिघींच्या हातांत होती. जमिनीला टेकली नाही. पुढच्या ठोक्याला चौघी पुन्हा उभ्या, चेहऱ्यावर तेच हसू. गुण मात्र गेले. लेक काही बोलली नाही, तिने फक्त रोखलेला श्वास सोडला.

नात बाहेर आली ती थेट माझ्याकडे. ‘आजोबा, मी तिला कसा पकडला ते बघितला तुम्ही?’ तिच्या मराठीत सगळेच पुल्लिंगी असते. ‘म्हणजे काय! सगळं रेकॉर्ड केलंय,’ म्हणून मी मोठ्या ऐटीत मोबाइल पुढे केला. चित्रात पहिल्यापासून शेवटपर्यंत वरची मुलगी होती. पाय सरकला त्या क्षणी माझा हात हलला होता आणि छताचे दिवे आले होते. नातीचे एक कोपर तेवढे खालच्या कडेला दिसत होते. तिने दोनदा पाहिले आणि म्हणाली, ‘असू दे, आजोबा.’

त्या रात्री झोप लागेना म्हणून स्वयंपाकघरात गेलो तर लेक जागीच होती. नातीचा उजवा अंगठा सुजला होता. ती त्याला बर्फ लावून नुकतीच आली होती. या खेळात हातपाय मोडतात, क्वचित मानेवर-डोक्यावर बेतते, हे तिने माझ्यापासून लपवले नाही. वर्षाला काही हजार डॉलर त्यात जातात हेही सांगितले. बँकवाल्याच्या तोंडी येतो तो प्रश्न माझ्या ओठांवर होता: याचा पुढे उपयोग काय? तो मी गिळला, कारण मला १९९६ आठवले.

तेव्हा लेकच अकरा वर्षांची होती आणि दोरीच्या मल्लखांबावर चढत असे. आंतरशालेय स्पर्धा नेमकी सप्टेंबरातल्या शेवटच्या रविवारी. दुसऱ्या दिवशी बँकेचे सहामाही क्लोजिंग. शाखेत आम्ही रविवारीही हजर होतो, कारण बचत खात्याची लेजरे जुळत नव्हती. फरक २७ रुपयांचा. फरक नवाने भागला गेला की कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेत असे समजायचे, हे आम्हाला पाठ. रात्री दहाला सापडले: ६३ चे ३६ झाले होते. घरी आलो तेव्हा पोरगी झोपली होती. पायाच्या अंगठ्याजवळ दोरी घासून कातडे गेले होते, त्याला सौ.ने हळद लावली होती. कितवी आली ते मी दुसऱ्या दिवशी विचारले.

‘तुला आठवते का ती स्पर्धा?’ मी विचारले.

‘दोरीवर उलटं झालं ना बाबा, की प्रेक्षकांचे आधी पाय दिसतात, मग तोंडं. तुमचे ते काळे ऑफिसचे बूट शोधत होते मी.’ हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. ओट्यावरचे बर्फाचे पाणी पुसत सांगितले.

आमच्या पिढीतल्या बापांनी मुलांच्या अशा किती दुपारी साहेबाला, क्लोजिंगला आणि लोकलला देऊन टाकल्या त्याचा हिशेब कुठल्याच लेजरात नाही. आजचे पालक तसे नाहीत, हे मान्य केले पाहिजे. आमच्या घराजवळच्या मैदानात स्केटिंगच्या स्पर्धा होतात, तेव्हा कठड्याला उभे राहायला जागा नसते. पण तिथे मी काय पाहतो? अर्ध्या पालकांचे डोळे पडद्यावर. उरलेले कठड्यावरून ‘वाक, वाक, अजून वाक!’ असे ओरडत प्रशिक्षकाचे काम करीत असतात. आणि पोर धापा टाकीत बाहेर आले की पहिला प्रश्न क्रमांकाचा. दुसरा, दहावीला याचे क्रीडागुण मिळतील का? मी त्यांना नावे ठेवीत नाही. ठेवायचा मला अधिकारच नाही. पण बापाने करण्यासारखे काहीही नसते अशी काही मिनिटे मुलांच्या आयुष्यात असतात, आणि तेवढा वेळ हात बांधून नुसते पाहणे आम्हा कर्त्या माणसांना सर्वांत जड जाते. त्यापेक्षा लेजर जुळवणे सोपे. माझी लेक त्या दिवशी गर्दीच्या गलक्यात अडीच मिनिटे गप्प बसली होती. सगळे सभागृह वर पाहत होते तेव्हा ती खाली पाहत होती.

दुसऱ्या दिवशी अंतिम फेरी. अंगठ्याला पट्टी बांधून नात उभी राहिली. आमचा नंबर पुकारला तसा मी मोबाइल सौ.च्या पर्समध्ये टाकला आणि लेकीच्या शेजारी जाऊन बसलो. नातीने गुडघे वाकवले, पाऊल तळहातांवर घेतले. तिची नजर वरच्या मुलीवर खिळलेली होती, ती शेवटपर्यंत ढळली नाही. मनगटे थरथरत होती. सुजलेला अंगठा तिने जरा बाहेर काढून ठेवला होता. दुसरा थर नीट लागला की नाही ते मी पाहिले नाही. टाळ्या झाल्या, त्यावरून लागला असावा.

परत येताना गाडीत तिने हात पुढे केला. ‘व्हिडिओ?’

‘नाही काढला.’

‘मग?’

‘तुझ्या डाव्या बुटाची नाडी सुटली होती,’ मी म्हटले. ‘दुसऱ्या थराच्या आधीपासून.’

ती सीटवर वाकून बुटाकडे पाहू लागली.