उमेदवारीचे वर्ष

परवा सकाळी दाढी करीत होतो, तोच दारातून आवाज आला, "सर, आत येऊ?"

आमची जुनी विद्यार्थिनी! बी.ए. झाल्यावर एका मोठ्या कंपनीत वर्षभर शिकाऊ उमेदवार होती. शिफारसपत्र माझेच. 'उमेद' म्हणजे आशा, हा फारसी शब्द मी तिला वर्गात किती रंगवून सांगितला होता!

"काय शिकलीस?"

"आधी तीन महिने कागद लावायला," ती हसली. "मग मराठीतली तक्रारपत्रे साहेब माझ्याकडे पाठवू लागले. उत्तर असे लिहायचे, की गिऱ्हाइकाचा राग उतरावा आणि आपण कबूल तर काहीच करू नये. तुमच्या अलंकारांत हे नव्हते, सर!"

नव्हते खरे.

"मग आता कायम करतील ना गं?" चहा ठेवीत आमच्या सौ.नी विचारले.

"नाही, काकू. वर्ष संपले, प्रमाणपत्र मिळाले. माझ्या खुर्चीवर आता दुसरी मुलगी आहे."

शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, असे १९६१ चा कायदाच म्हणतो. २०१४ च्या दुरुस्तीने कलाशाखेच्या पदवीधरांनाही त्यात घेतले; पुढे नोकरीत घ्यावयाचे की नाही, याचे धोरण मात्र ज्या त्या मालकाचे. मी हे सारे सही करण्यापूर्वी वाचायला नको होते का?

तिने दुसऱ्या कंपनीचा अर्ज पुढे केला. पुन्हा शिफारस हवी होती.

"वर्षानंतर काय, ते विचारलेस का यांना?"

"विचारले ना, पत्र लिहून. उत्तर अगदी मी लिहीत असे तसेच आले, सर."

मी पेनाचे टोपण काढले.