ईएमआयवर नवा मोबाईल घ्यायच्या आधी हातातला एकदा नीट बघा



या वेळचा व्हिडिओ बघून झाला असेल तर त्यात वेळेअभावी जे बोलता आलं नाही ते इथे लिहितोय. बघितला नसेल तरी चालेल, हे वाचा.

गेल्या महिन्यात शनिवारच्या बॅचला एक ताई आल्या होत्या. घरून केक करतात, वर्षभर झालं. क्लास सुटल्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, चोवीस हजाराचा मोबाईल घेतेय ईएमआयवर. कॅमेरा चांगला आहे. माझ्या मोबाईलमुळे ऑर्डरच येत नाहीत." मी विचारलं, एक किलोच्या केकमागे सगळा खर्च जाऊन हातात काय उरतं? म्हणाल्या, तीनशेच्या आसपास. म्हणजे हा मोबाईल ऐंशी केकचा. ऐंशी केक फुकट करून द्यायचे! त्यावर प्रोसेसिंग फी वेगळी. 'नो कॉस्ट' लिहिलेलं असलं तरी फी आणि व्याजावरचा जीएसटी बऱ्याचदा लागतोच, पहिल्या हप्त्याचं स्टेटमेंट आलं की कळतं.

त्यांचा मोबाईल हातात घेतला. मागच्या कॅमेऱ्यावर बटरचं बोट. अगदी ठसा दिसत होता. माझं स्वतःचं दुकान केक मटेरियल आणि पॅकिंगचं आहे, त्यामुळे घरगुती बेकर लोकांचे मोबाईल मी रोज बघतो. सगळ्यांचं तेच. स्पीकरच्या जाळीत मैदा, चार्जिंगच्या भोकात कोको पावडर आणि लेन्सवर तूप. चष्म्याच्या कपड्याने लेन्स पुसून दिली आणि दुकानातल्याच डमी केकचा फोटो काढायला लावला, दाराजवळ उजेडात, आतली ट्यूबलाईट बंद करून. फोटो बघून त्या जरा गप्पच झाल्या.

माझं मत सरळ आहे. ज्याचा धंदा अजून महिन्याला पंधरा-वीस हजाराच्या वर गेला नाही, त्याने मोबाईलच्या नावाने हप्ता लावून घेऊ नये. हातातल्या मोबाईलची नव्वद टक्के दुखणी स्टोरेज, बॅटरी, सेटिंग आणि घाण या चार गोष्टींत असतात. (नव्वद हा आकडा माझ्या काउंटरवरचा अंदाज, कुठल्या सर्व्हेचा नाही.) आणि ही दुखणी तुम्ही नव्या मोबाईलमध्येही सहा महिन्यांत तयार करता, कारण वापरायची सवय तीच राहते.

ताईंचं खरं दुखणं तर वेगळंच निघालं. त्या म्हणाल्या, "एका बाईंनी सकाळी अकराला मेसेज केला होता, मला दुपारी चारला दिसला. तोवर त्यांनी दुसरीकडे सांगितलं." नेट चालू होतं, रेंज होती. मग मेसेज आला का नाही? कारण फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी अ‍ॅप झोपवून टाकतो. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की सगळे मेसेज एकदम धाडधाड पडतात, ही त्याची खूण. असं होत असेल तर सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, त्यात व्हॉट्सअ‍ॅप, त्यात बॅटरी, आणि तिथे 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. काही फोनमध्ये त्याला 'नो रिस्ट्रिक्शन्स' म्हणतात आणि 'ऑटोस्टार्ट' वेगळं चालू करावं लागतं. बॅटरी सेव्हर दिवसभर चालू ठेवायची सवय असेल तर तीही सोडा. यूपीआयच्या अ‍ॅपलाही हेच करा, म्हणजे पैसे आल्याचं वेळेवर कळेल. दोन मिनिटांचं काम. यासाठी ती बाई वर्षभर ऑर्डरी घालवत होती, आणि गिऱ्हाईक काय म्हणत होतं? "त्या रिप्लायच देत नाहीत."

फोन हळू चालतो ही दुसरी तक्रार. आधी स्टोरेज बघा. ते पार गळ्यापर्यंत आलं की चांगला फोनसुद्धा धापा टाकतो. आणि भरलेलं काय असतं? गुड मॉर्निंगचे फुलं-सूर्य, भाचीच्या बारशाचा व्हिडिओ सहा ग्रुपमधून सहा वेळा आलेला, आणि कुणाचं तरी कीर्तन. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज' उघडा. पाच एमबीपेक्षा मोठ्या फाईली आणि खूपदा फॉरवर्ड झालेलं सामान वेगळं काढून दाखवतं. तिथूनच उडवा. मग त्याच ठिकाणी मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा, नाहीतर पुढच्या महिन्यात परत तेच. 'क्लीनर', 'बूस्टर' नावाची अ‍ॅप टाकू नका. झाडू मारायला माणूस ठेवावा आणि तोच घरात पथारी पसरून बसावा, तशी ती अ‍ॅप असतात. आणि आठवड्यातून एकदा फोन बंद करून चालू करा. कित्येक जणांनी दिवाळीनंतर फोन बंदच केलेला नसतो.

चार्जिंग होत नाही म्हणून लगेच "पिन गेली" म्हणू नका. आधी दुसरी केबल लावून बघा. मग फोन बंद करा आणि लाकडी टूथपिकने हळूच आतला कचरा काढा. सुई, सेफ्टी पिन अजिबात घालायची नाही, आतले पॉइंट मोडतात आणि मग खरंच पिन जाते. खिशातला कापूस आणि मैदा मिळून आत बुचासारखा बसलेला असतो. निघाला की केबल 'टक्' करून बसते.

आता बॅकअप. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण यात माझे पैसे गेलेत.

2019 साली, दिवाळीच्या आधी, माझा फोन कंपनीच्या लोगोवर अडकला. चालू होईना. सीझन तोंडावर. एका दुरुस्तीवाल्याकडे धावत गेलो. तो म्हणाला, "सॉफ्टवेअर मारावं लागेल." मी म्हटलं, मारा. डेटा जाईल का, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बीबीए केलेला माणूस, क्लासमध्ये लोकांना रेकॉर्ड ठेवायला शिकवणार होतो! तासाभराने फोन कोरा करकरीत हातात आला. गिऱ्हाइकांचे नंबर सगळे फोनच्या मेमरीत सेव्ह होते, गेले. उधारी एका नोट्सच्या अ‍ॅपमध्ये लिहायचो, ती गेली. साधारण सेहेचाळीस हजाराची उधारी होती. लोक चांगले, ज्यांना आठवलं त्यांनी आणून दिले, एकतीस हजार आले. बाकीच्यांना मी कुठल्या तोंडाने मागणार? कागद कुठे होता माझ्याकडे?

तर हे आजच्या आज करा. नवीन नंबर सेव्ह करताना 'फोन' किंवा 'सिम' न निवडता गूगल अकाउंट निवडा. फोन विहिरीत पडला तरी नंबर राहतात. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप रोजचा लावा आणि तो कुठल्या जीमेलवर जातो ते वहीत लिहून ठेवा, कारण परत आणायला तोच नंबर आणि तेच अकाउंट लागतं. गूगलची फुकट जागा 15 जीबी, त्यात फोटो, मेल, ड्राइव्ह आणि आता अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही मोजला जातो. ती भरली की बॅकअप गुपचूप थांबतो आणि जीमेलवर नवीन मेल येणंही बंद होतं. म्हणून शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे ते महिन्याला एकदा बघा. मी अमावास्येला बघतो, दुकानात लिंबू-मिरची बदलताना. हसा तुम्ही, पण विसरत नाही. आणि उधारी? उधारीची वही कागदाचीच ठेवा, दर रविवारी तिचा फोटो काढा.

फोन दुरुस्तीला देताना सिम आणि मेमरी कार्ड काढून द्या, स्क्रीनचा पासवर्ड सांगावा लागला तर आधी यूपीआय आणि बँकेची अ‍ॅप काढून टाका. आपण गल्ल्याची किल्ली कुणाला देतो का? फोन हाच आता गल्ला आहे. तो हरवला तर सिम लगेच बंद करा, बँकेला कळवा आणि पोलिसांत तक्रार दिली की संचार साथी पोर्टलवरून फोन ब्लॉक करता येतो. त्याला आयएमईआय नंबर लागतो, *#06# डायल केलं की दिसतो. आत्ताच वहीत लिहा, फोन हरवल्यावर डायल कशावरून करणार?

यूपीआयचं थोडक्यात सांगतो, त्यावर वेगळा व्हिडिओ आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. "ऑर्डरचे पैसे पाठवलेत, पिन टाकून घ्या" म्हणणारा चोर आहे. गिऱ्हाइकाने दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, आपल्या अ‍ॅपमध्ये जमा दिसले तरच केकचा बॉक्स हातात द्यायचा. फसलात तर लाजत बसू नका, 1930 ला लगेच फोन करा.

आता काही जण म्हणतील, सर, आजकाल रील्सचा जमाना आहे, कॅमेरा लागतोच. मान्य आहे. ज्याच्या ऑर्डरी खरोखर रीलवरून येतात त्याच्यासाठी फोन हे मशीन आहे, जसा बेकरसाठी ओव्हन. त्याने घ्यावा. पण आधी आहे त्या फोनवर तीस रील टाका, किती चौकशा आल्या ते लिहा, मग शोरूमची पायरी चढा. मला अशी कितीतरी मुलं माहीत आहेत ज्यांच्याकडे फोन महाग आहे आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये कॅटलॉग रिकामा. फुकट आहे ते. भाव, वजन, फोटो एकदा भरलं की रोज पन्नास वेळा "रेट काय?" ला उत्तर द्यायला नको. पत्ता, डिलिव्हरीच्या वेळा, अ‍ॅडव्हान्सचा नियम यासाठी 'क्विक रिप्लाय' लावा. ब्रॉडकास्ट करत असाल तर एक लक्षात ठेवा, ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज जातो. म्हणून बॉक्समध्ये कार्ड टाकताना "नंबर सेव्ह करा" असं तोंडाने सांगा.

आणि फोन बदलायलाच हवा अशीही वेळ असते. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं असेल तर चार्जिंगला लावूच नका, त्याच दिवशी दुकानात न्या. बँकेचं अ‍ॅप तुमच्या अँड्रॉइडवर चालेनासं झालं, सिक्युरिटी अपडेट येऊन कित्येक वर्षं झाली, तर त्या फोनवरून पैशाचे व्यवहार करणं थांबवा. तेव्हा नवीन घ्या, पण शक्यतो रोखीने, आणि सगळ्यात महागडा नको.

ताईंनी शेवटी अकराशे रुपयांत बॅटरी बदलून घेतली आणि ईएमआयचा फॉर्म भरला नाही. चोवीस हजारातले काही पैसे मोठ्या ओटीजीसाठी बाजूला ठेवलेत. परवा त्यांनी अननसाच्या केकचा फोटो पाठवला, खिडकीत ठेवून काढलेला, एकदम स्वच्छ. मागे दोरीवर वाळत घातलेले टॉवेल दिसत होते, तेवढं मी त्यांना कळवलंय.